दिसा सगल्यांची, रातची तुजी

सांजावलं की त्या आपण होऊन घरी जातात! कुणी हाकत नाही, कुणी बोलवत नाही. शेवग्याच्या शेंड्यावरचं ऊन सरलं की मागच्या अंगणात दिवसभर उकरत हिंडणाऱ्या सात कोंबड्या एकाएकी गप्प होतात, माना वर करून आभाळाचा अंदाज घेतात आणि फळीच्या चढणीवरून एकामागून एक खुराड्यात शिरतात. आधी थोरली, मग तिच्या खालची, मग तिच्या खालची. आत बांबूवर कुणी कुठे बसायचं यावरून दोन मिनिटं कुरबुर होते, पंख फडफडतात, आणि मग घशातल्या घशात एक लांबट, मऊ आवाज सुरू होतो. एकीने धरला की सगळ्या त्यात मिसळतात. तो आवाज मी वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी पहिल्यांदा ऐकला. त्याला आठ महिने झाले. ठाण्याहून लोकलने घरी आले की पर्स खांद्यावर तशीच ठेवून आधी मागच्या दारी जाते, सात मोजते, कडी लावते. ज्यांनी तो आवाज ऐकलेला नाही त्यांना हाताला धरून आणावं आणि ऐकवावा असं वाटतं, आणि मी तसं करतेही.

आमचं घर डोंबिवली पूर्वेला, एमआयडीसीच्या निवासी विभागात. सासऱ्यांनी बांधलेलं बैठं घर, मागे 15 बाय 22 फुटांचं अंगण, त्यात एक आंबा, एक शेवगा, कपडे धुण्याचा दगड आणि कोपऱ्यात साठत गेलेलं सामान. गेल्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर, स्टेशनजवळ भाजी घेऊन बसणाऱ्या, शेजारच्या भोपर गावातल्या मावशींकडून गावठी अंडी घेताना मी सहज विचारलं, "मावशी, आमच्या अंगणात कोंबड्या राहतील का हो?" त्यांनी तेव्हा उत्तर दिलं नाही. पुढच्या रविवारी त्या घरीच आल्या. अंगणाच्या चारही कडांनी फिरल्या, गटाराच्या तोंडाशी वाकून पाहिलं, आंब्यावर कावळे किती बसतात ते पाहिलं. मी हौसेने काढलेलं चित्र पुढे केलं. त्यात रंगीत दार होतं, झोका होता, मोठाल्या खिडक्या होत्या. मावशींनी ते बाजूला सारलं आणि म्हणाल्या, "बघ बाय, कोंबरी दिसा सगल्यांची, रातची तुजी."

हे वाक्य मला समजायला वेळ लागला. दिवसा कोंबडीवर सगळ्यांचा डोळा असतो, घारीचा, बोक्याचा, मुंगसाचा. पण दिवसा तिला दिसतं, ती ओरडते, पळते, झुडपात दडते. अंधार पडला की तिला जवळजवळ काहीच दिसत नाही. बांबूवर बसलेली कोंबडी तुम्ही हाताने उचलून घ्या, ती साधी पळतसुद्धा नाही. म्हणजे खुराडं हे कोंबडीचं घर नव्हेच! तिचं घर अंगण आहे, माती आहे. खुराडं ही फक्त तिची रात्र आहे, आणि ती रात्र बांधून द्यायचं काम माझं. हे एकदा उमगलं आणि मग प्रत्येक खिळा कुठे ठोकायचा ते कळायला लागलं.

मग काय! पुढचे दीड महिने मी दुसरं काही बोललेच नाही. लाकूड शोधायला निघाले तर आमच्याच एमआयडीसीत कारखान्यांना माल ज्यावर येतो ते पाइनचे पॅलेट मोडीत मिळतात हे कळलं. त्यांच्या कडेला गव्हाच्या कणसासारखी एक खूण डागलेली असते आणि शेजारी दोन अक्षरं. मी या रस्त्यांवरून तीस वर्षं चालते आहे, ती अक्षरं कधी दिसली नव्हती! एचटी असेल तर लाकूड गाभ्यापर्यंत 56 अंश सेल्सिअसला सलग 30 मिनिटं तापवून कीडमुक्त केलेलं. एमबी असेल तर मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेली. मी फक्त एचटी घेतले, आणि त्यातलेही ज्यावर रसायनाचा डाग किंवा वास आहे ते परत ठेवले. निळे प्लॅस्टिकचे पिंप स्वस्तात मिळत होते, पाण्यासाठी सोयीचे होते, पण आत पूर्वी काय होतं ते कुणी सांगू शकत नव्हतं. रासायनिक कारखान्यांशेजारी, डोंबिवलीत राहणाऱ्याने तरी असं पिंप घरात आणू नये.

आणि खिडकी! गावातली एक जुनी चाळ पुनर्विकासासाठी उतरवत होते. तिथे सागवानी चौकटी, गजांच्या खिडक्या, बिजागऱ्या, पितळी कड्या ढिगाने पडल्या होत्या. दोन फूट बाय अडीच फुटांची एक खिडकी मी घेतली, गजांसकट. कुणीतरी साठ-सत्तर वर्षं त्या खिडकीतून रस्ता पाहिला असेल. आता तिच्यातून सात कोंबड्या पाऊस बघतात. चौकटींचे मी खांब केले. कल्याणला पारनाक्याजवळच्या एका वाड्याची मंगलोरी कौलं विकायला काढली होती, ती आणली. मंगळूरला बासेल मिशनने 1865 मध्ये या कौलांचा कारखाना काढला, आणि तिथून ती पश्चिम किनाऱ्यावर सगळीकडे पसरली. खाचेत खाच बसली की वाऱ्याने हलत नाहीत. सगळे मला पत्रा घाल म्हणत होते. पण आपल्याकडचा मे आठवा! कोंबडीचं अंग मुळातच 41 अंशांच्या आसपास तापलेलं, आणि तिला घाम येत नाही. चोच उघडून धापा टाकणं हाच मुख्य उपाय तिच्याकडे. पत्र्याखाली ती भाजून निघेल. शिवाय आषाढातल्या सरींचा पत्र्यावरचा आवाज ज्यांनी ऐकलाय त्यांनी विचार करावा, त्याखाली झोपायचं कुणी?

पण कौलं जड. छपराला पन्नास लागली, एकेक सुमारे अडीच किलोचं, म्हणजे सव्वाशे किलो डोक्यावर! शेजारच्या गल्लीतल्या सुतारदादांनी वासे बघितले आणि म्हणाले, "ताई, यावर कौल नाही, फार तर छत्री बसेल." मग त्यांनी मला वासे किती अंतरावर हवेत, रिपा कशा मारायच्या, एकपाखी छपराला उतार किती द्यायचा हे शिकवलं, आणि गुण्या हातात दिला. गुण्या! दोन पट्ट्यांचा काटकोन, एवढंच ते अवजार, पण तो लावल्याशिवाय आपली एकही चौकट सरळ नसते हे कळतं तेव्हा सगळं जग वेगळं दिसायला लागतं. मी घरातल्या दारांना, टेबलांना, फोटोंच्या फ्रेमांना गुण्या लावत फिरले.

माप ठरलं 4 बाय 6 फूट, जमिनीपासून 2 फूट उंच. तुसाच्या गादीवर पाळायच्या कोंबडीला दीड ते दोन चौरस फूट जागा पुरते असा हिशेब असतो. आता सातजणींना जवळजवळ दुप्पट मिळते. लांब बाजू पूर्व-पश्चिम, म्हणजे सकाळ-संध्याकाळचं तिरपं ऊन आखूड भिंतींवर पडतं. आपला पाऊस नैऋत्येकडून येतो, म्हणून त्या अंगाला अखंड फळ्या. ईशान्येला जाळी आणि चाळीतली खिडकी. आणि छपराखाली चारी बाजूंनी वीतभर मोकळी पट्टी, जाळी मारलेली. ही पट्टी का, हे कळलं तेव्हा मी जागची उठून उभी राहिले होते! विष्ठेतून अमोनिया निघतो, श्वासातून वाफ निघते, दोन्ही गरम हवेबरोबर वर जातात. वर वाट नसेल तर रात्रभर त्याच हवेत कोंबड्या श्वास घेतात. आपल्याकडे कोंबडी थंडीने मरत नाही, कोंडल्याने आजारी पडते. हिवाळ्यात दया येऊन गोणपाटाने चारी बाजू बंद करणाऱ्यांनी एकदा पहाटे खुराड्यात डोकं घालून श्वास घेऊन बघावा.

हे बांधकाम चालू असतानाच पिल्लं आली. मुरबाडकडच्या एका शेतकऱ्याने पुण्याहून गिरिराज जातीची 100 पिल्लं मागवली होती, त्यातली 10 त्याने मला दिली. (पशुसंवर्धन विभागाची मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्रं पुणे, कोल्हापूर, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथे आहेत, पण 10 पिल्लं हवी असतील तर अशी कुणाच्या तरी ऑर्डरीत वाटणी मागणं सोपं.) एका दिवसाची पिल्लं, भोकं पाडलेलं पुठ्ठ्याचं खोकं, मुरबाड ते डोंबिवली. माझा जीव खालीवर होत होता, खाणं नाही, पाणी नाही! आणि मग कळलं की कवच फोडण्याआधी पिल्लू उरलेला बलक पोटात ओढून घेतं. ती शिदोरी त्याला दोन-तीन दिवस पुरते. घरी पोचल्यावर पहिल्यांदा गुळाचं कोमट पाणी द्यायचं, मावशींनी बजावलं होतं. एकेकाची चोच मी त्यात बुडवली. दहाच्या दहा प्यायली. त्या रात्री मी झोपले नाही.

ऊब द्यायला जुना पिवळा 60 वॅटचा बल्ब हवा, कारण एलईडीची उष्णता पुरत नाही. तो शोधायला मी कल्याणपर्यंत दुकानं पालथी घातली. पहिल्या आठवड्यात 35 अंश, मग दर आठवड्याला तीनेक अंश कमी. पण थर्मामीटरपेक्षा पिल्लंच खरं सांगतात. बल्बखाली गोळा झाली तर थंडी वाजते, कडेला जाऊन चोची उघडल्या तर उकडतंय, खोकंभर सारखी पसरली तर सगळं ठीक. बल्बची दोरी मी दिवसातून दहादा वरखाली करत होते आणि दर वेळी पिल्लं आपली जागा बदलून उत्तर देत होती. माणसाला एवढं स्पष्ट बोलता येत नाही!

लशीचं तर वेगळंच प्रकरण. जगात ज्याला न्यूकॅसल म्हणतात, आपल्याकडे राणीखेत आणि गावात मानमोडी, तो रोग आला की खुराडं रिकामं होतं. त्यावर पहिल्या आठवड्यात लासोटा लस, डोळ्यात एक थेंब, मग चौथ्या आठवड्यात पुन्हा. पण कुपी 100 मात्रांची, बर्फात आणायची, आणि एकदा कालवली की दोनेक तासांत संपवायची. माझी पिल्लं 10! उरलेले नव्वद थेंब गटारात? मावशींना फोन केला. दुसऱ्या रविवारी सकाळी बर्फाने भरलेला थर्मास घेऊन मी भोपरला गेले, आणि आळीतली सगळी पिल्लं डालग्यांतून बाहेर आली. पाच घरं, सत्तर-ऐंशी पिल्लं. एक मुलगी धरायची, एक मोजायची, मी थेंब टाकायचे. मी डोंबिवलीत एवढी वर्षं राहते, पण भोपरच्या घरांत पहिल्यांदा चहा प्यायले तो त्या दिवशी.

आता जाळी. याबद्दल मी पानंच्या पानं लिहू शकते. दुकानात षटकोनी भोकांची जी पातळ जाळी कोंबडीजाळी म्हणून मिळते, ती मी आधी लावली. नावच कोंबडीजाळी! जानेवारीत पिल्लं पाच आठवड्यांची झाली तशी खुराड्यात नेली, आणि चौथ्या दिवशी पहाटे नऊ निघाली. कोपऱ्यात जमिनीलगत वीतभर रुंद भोक होतं, ताजी माती बाहेर टाकलेली, वरची जाळी दातांनी उसवलेली. घूस. त्या दहाव्या पिल्लाच्या डाव्या पायावर मी ओळखीसाठी लाल दोरा बांधला होता. त्या सकाळी मी ऑफिसला गेले नाही. मावशी संध्याकाळी आल्या, भोक पाहिलं, काही बोलल्या नाहीत. बोलायची गरजच नव्हती. दिवसा मी त्यांना घारीपासून जपत होते आणि रात्र उघडी ठेवली होती.

दुसऱ्या दिवशी ती सगळी जाळी उपटून अर्ध्या इंचाच्या चौकोनी भोकांची जाड वेल्डमेश आणली. खुराड्याच्या सगळ्या खर्चात ती सगळ्यात महाग, आणि काटकसर करायची असेल तर बाकी कुठेही करा, तिथे नको. ती नुसत्या यू-खिळ्यांवर सोडायची नाही, वरून लाकडी पट्टी ठेवून स्क्रूने आवळायची. आणि सगळ्यात सुंदर युक्ती जमिनीत आहे! जाळी सरळ खाली पुरण्याऐवजी भिंतीच्या तळापासून बाहेरच्या बाजूला दीड फूट आडवी पसरायची आणि वर माती, दगड. घूस भिंतीला नाक लावून तिथेच खाली उकरायला लागते, आणि लगेच जाळी लागते. दोन पावलं मागे जाऊन तिथून बोगदा काढावा हे तिच्या डोक्यात येत नाही. त्यानंतर दोनदा मला सकाळी भिंतीशी नखांनी खरवडलेली माती दिसली. आत नऊच्या नऊ.

ठाण्याला येऊरच्या पायथ्याशी राहणाऱ्या मावसभावाला मी हे सगळं फोनवर सांगितलं, तर तोही पेटला. त्याला मात्र मी थांबवलं. तिथे संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाची हद्द कुंपणाला लागून, आणि बिबट्याला वेल्डमेश म्हणजे काहीच नव्हे. कोंबड्यांच्या वासाने बिबट्या वस्तीत आला तर त्रास कोंबड्यांना, शेजाऱ्यांना आणि शेवटी बिबट्यालाच. तो हळहळला, मीही हळहळले. त्याची पत्नी आता सुट्टीच्या दिवशी इथे येऊन अंडी गोळा करते.

आतल्या सामानात दोन गोष्टींनी मला वेड लावलं. एक बांबू. कोंबडी खाली बसली, गुडघा मोडला, की पायातली शीर ताणली जाऊन बोटं आपोआप मिटतात आणि बांबू पकडतात! झोपेत पडायची भीतीच नाही, पकड ठेवायला जागं राहावं लागत नाही. आणि दुसरी, उंचीची. कोंबड्या खुराड्यातली सगळ्यात उंच जागा झोपायला निवडतात. म्हणून अंडी घालायची पेटी बांबूपेक्षा खाली हवी, नाहीतर त्या पेटीच्या कडेवर झोपतात आणि सकाळी अंड्यांची जागा घाणीने भरलेली. पेट्यांसाठी कल्याणच्या बाजार समितीतून हापूसच्या रिकाम्या लाकडी पेट्या आणल्या. चार-पाच कोंबड्यांना एक पुरते. मी तीन ठेवल्या, पुढे गोणपाटाचा पडदा, आत तूस. सगळ्या कोंबड्या मधल्या एकाच पेटीत अंडी घालतात आणि तिच्यासाठी रांग लावतात, बाकी दोन रिकाम्या! का, ते कोंबड्यांना ठाऊक. मी ती मधली पेटी रोज दोनदा साफ करते.

तूस मुरबाडच्या भातगिरणीतलं, तीन इंचांची गादी. त्यावरून आठवलं, 2022 मध्ये संशोधकांनी थायलंडमधल्या बान नॉन वाट या ठिकाणची हाडं तपासून दाखवलं की माणसाळलेल्या कोंबडीचे सगळ्यात जुने खात्रीचे अवशेष तिथले, साधारण साडेतीन हजार वर्षांपूर्वीचे. आणि त्यांचं म्हणणं असं की भाताची शेती आणि साठवलेलं धान्य यांच्या ओढीने रानकोंबडे झाडावरून खाली, माणसाच्या दारात आले. भात! हे वाचलं तेव्हा मी खुराड्यात गुडघ्यावर बसून तुसाची गादी खालीवर करत होते. मुरबाडचं तूस, त्यात उकरणारी थोरली, आणि साडेतीन हजार वर्षं. मी तशीच बसून राहिले.

एप्रिलमध्ये नवातले तीन कोंबडे निघाले. आरवण्याला पहाटे साडेतीनपासून सुरुवात. मी खोक्यात ठेवून बघितलं, गोधडी टाकून बघितलं. कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही ही म्हण आपल्याला पाठ असते, पण झाकल्यावर कोंबडं आरवायचंही राहत नाही! जपानमधल्या नागोया विद्यापीठातल्या संशोधकांनी 2013 मध्ये दाखवलंय, कोंबडा उजेड बघून नव्हे, तर शरीरातल्या घड्याळावर आरवतो. त्यांनीच पुढे दाखवलं की आधी थोरला आरवतो, मग मानाप्रमाणे बाकीचे. आमच्याकडे अगदी तेच. शेजारच्या आजी पहाटे जपाला बसतात, त्यांनी तक्रार केली नाही, पण मलाच राहवेना. अंड्यांसाठी कोंबड्याची गरज नसते हे तर मला याच वर्षी कळलं! कोंबडी एकटीही अंडी घालते, फक्त त्यातून पिल्लू निघत नाही. तिन्ही कोंबडे मावशींना दिले. थोरला त्यांनी आपल्या कळपात नर म्हणून ठेवला आणि बदल्यात मला एक गावठी तलंग दिली, काळी-तांबडी, अंगाने लहान, पिवळ्याजर्द पायांची.

ते पिवळे पाय! कोंबडीचा मुख्य पूर्वज लाल रानकोंबडा, हे शाळेत शिकलेलं. पण त्याची कातडी पिवळी नसते. 2008 मध्ये शास्त्रज्ञांनी शोधून काढलं की पाळीव कोंबडीतलं पिवळ्या कातडीचं जनुक बहुधा राखी रानकोंबड्याकडून आलं. आणि राखी रानकोंबडा कुठला? दक्षिण भारतातला, आपल्या सह्याद्रीतल्या जंगलांतला! जगभर दुकानांत पिवळ्या पायांची कोंबडी टांगलेली असते, तिच्यात आपल्या डोंगराचा अंश आहे. ही गोष्ट मी त्या आठवड्यात लोकलच्या डब्यातल्या सगळ्या मैत्रिणींना सांगितली.

नवी तलंग आत सोडायची कशी? दिवसा सोडली तर सहाजणी मिळून तिला टोचून काढणार. कोंबड्यांतला हा टोचण्याचा क्रम नॉर्वेच्या थोर्लिफ श्येल्डेरुप-एब्बे याने लहानपणापासून कोंबड्यांकडे बघत बसून टिपला आणि 1921 मध्ये मांडला. माणसांच्या कचेऱ्यांतल्या मानपानाला इंग्रजीत हेच नाव लावतात, ते मुळात खुराड्यातून आलंय. मावशींनी उपाय सांगितला, तो पुन्हा रात्रीचाच. अंधार पडल्यावर तलंग उचलून बांबूवर दोघींच्या मध्ये नेऊन ठेवायची. मी ठेवली. कुणी हूं की चूं केलं नाही. सकाळी सातही एकत्र उतरल्या, थोडी टोचाटोची झाली, तलंग सगळ्यात खाली गेली, आणि संपलं.

मेअखेरीला पहिलं अंडं. ते गरम असतं! आयुष्यभर अंडी खाल्ली, पण फ्रिजमधली, दुकानातली, थंड. हातात आलं ते कोंबडीच्या अंगाइतकं गरम, किंचित ओलसर, बघता बघता वाळलं. आणि त्याच्यामागे कोण कष्ट! एका अंड्याला चोवीस-पंचवीस तास लागतात, त्यातले वीसेक तास नुसतं कवच चढायला, आणि हे काम बरंचसं रात्री चालतं. कोंबडी बांबूवर झोपलेली असते आणि आत कवच बांधलं जात असतं, पोटात चुना कमी पडला तर हाडांतून काढून. म्हणून शिंपल्यांचा चुरा तिला संध्याकाळी मिळाला पाहिजे. आमच्याकडे तिसऱ्या झाल्या की शिंपल्या आता टाकत नाही. धुऊन, भाजून, ठेचून डब्यात भरते. खुराड्याला कडी लावताना सात जणींकडे बघते तेव्हा आत सात ठिकाणी काम सुरू झालंय हे ठाऊक असतं.

जुलैचा पाऊस ही खरी परीक्षा होती. आपल्याकडे पाऊस किती पडतो हे 2019 मध्ये सगळ्यांनी पाहिलंय, 27 जुलैला महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर-वांगणीच्या मध्ये पाण्यात उभी होती. यंदा आमच्या अंगणात घोटाभर पाणी दोनदा आलं, खुराडं दोन फूट वर कोरडं. पण हवेतला ओलावा गादीत उतरतोच, आणि ओल्या गादीतून रक्ती हगवणीचा संसर्ग वाढतो. रोज सकाळी तूस खालीवर केलं, ओलं काढलं, चुना भुरभुरला. एकीलाही काही झालं नाही. काढलेलं तूस मी तीन महिने खड्ड्यात कुजवते. शेजारच्या आजी शाकाहारी. अंडी घेत नाहीत, पण जास्वंदीला ते खत घेऊन जातात.

एका बाबतीत मी फार कडक आहे. 2006 मध्ये नवापूरला बर्ड फ्लू आला तो देशातला पहिला, हे वाचलेलं होतं. पण फेब्रुवारी 2022 मध्ये तो आपल्या जिल्ह्यात, शहापूर तालुक्यातल्या वेहळोलीत आला, शंभरेक कोंबड्या मेल्या आणि सुमारे 25 हजार पक्षी मारावे लागले. माझ्या सात कोंबड्या त्या साखळीतल्याच. म्हणून खुराड्याची चप्पल वेगळी, ती अंगणाबाहेर जात नाही. पाण्याचं भांडं झाकलेलं, कावळे-बगळ्यांना चोच घालता येणार नाही असं. आणि एकदम दोन पक्षी मेले तर न पुरता, न लपवता सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवायचं, हे दारामागे लिहून ठेवलंय. ज्याला हे जमणार नाही त्याने कोंबड्या पाळू नयेत.

आणि आता, गेल्या आठवड्यात, ती पिवळ्या पायांची तलंग खुडूक बसली! गिरिराजच्या सहाजणींपैकी कुणी नाही, हीच. पेटीतून उठेना, हात नेला तर अंग फुगवून गुरगुरते, पोटाखालची पिसं गळून कातडी उघडी आणि तापलेली. मावशींना सांगितलं तर त्या दुसऱ्याच दिवशी नऊ अंडी तुसात घालून घेऊन आल्या. त्यांच्या कळपातली, म्हणजे ज्या कळपात आमचा थोरला कोंबडा आहे त्यातली! बाकीच्या जणी मध्ये अंडी घालतील म्हणून तिला वेगळ्या अंधाऱ्या कोपऱ्यात हापूसची एक रिकामी पेटी दिली, प्रत्येक अंड्यावर पेन्सिलीने खूण केली, आणि कॅलेंडरवर 21 दिवस मोजून गोल काढला. दिवसातून एकदाच उठते, पंधरा-वीस मिनिटं, खाते, धुळीत लोळते, परत.

सातव्या रात्री मी आणि लेकीने न्हाणीघरातले दिवे बंद केले, आणि मोबाइलच्या टॉर्चवर मुठीत एकेक अंडं धरलं. दोन कोरी निघाली, नुसता पिवळसर उजेड. तिसऱ्यात लाल रेषा होत्या. कोळ्याच्या जाळ्यासारख्या, केसाइतक्या बारीक, सगळीकडे पसरलेल्या, आणि मध्ये एक काळा ठिपका. लेक म्हणाली, "आई, हलतंय." हलत होतं! कवचाच्या आत, उजेडाच्या मध्यभागी, ते स्वतःहून हलत होतं. सात अंड्यांत सात. आम्ही दोघी थंड लादीवर बसलो होतो आणि आमच्यापैकी कुणालाही बोलता येत नव्हतं.

आज नववा दिवस. बारा राहिले. पिल्लांना बांबूवर चढता येणार नाही, ती रात्री आईच्या पंखाखाली जमिनीवर झोपतील, आणि खालच्या फळ्यांत दोन ठिकाणी बोटभर फट आहे. मोठ्यांना चाललं, यांना नाही चालणार. चढणीची फळीही फार उभी आहे. पाण्याच्या ताटलीत गोटे टाकायला हवेत, म्हणजे पिल्लू बुडणार नाही. उद्या रविवार. सुतारदादांना सकाळी आठला बोलावलंय, पॅलेटच्या तीन पट्ट्या उरल्यात त्या काढून ठेवल्यात, गुण्या उशाशी आहे.